चाकांवरचें बिऱ्हाड : जुनें कीं नवें ?



विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपण म्हणतों. मनमाडकरांना या म्हणीचा अर्थ समजावून सांगावयास नको. साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या ऊसतोड कामगारांच्या संसार लादलेल्या बैलगाड्या त्यांनीं पाहिल्या आहेत. अलीकडे नोकरींतून मोकळ्या झालेल्या मध्यमवर्गीय दांपत्यांनाही वाटूं लागलें आहे कीं, मोटारींतच निजण्याची सोय करावी आणि मनाला येईल तिकडे निघावें. मग प्रश्न येतो तो गाडीचा. जुनी छोटी व्हॅन स्वस्तांत घ्यावी, कीं नवी, महाग गाडी ? ही रक्कम आयुष्यभराच्या पुंजींतून जावयाची असते, म्हणून हा विचार थोडा हिशेबानें करूं.

जुनी छोटी व्हॅन म्हटली म्हणजे आपल्याकडे मारुतीची ओम्नी डोळ्यांपुढें येते. १९८४ सालीं ती निघाली आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. लांबी ३३७० मिलिमीटर, म्हणजे सुमारें अकरा फूट. एंजिन ७९६ सी. सी. चें. ती चिंचोळ्या गल्लींत सहज वळते, तिचें दार बाजूला सरकतें, आणि तिचें एंजिन ठाऊक नाहीं असा मेकॅनिक विरळा. बरी गाडी एक-दोन लाखांत मिळूं शकते. एवढे गुण थोडे नव्हेत.

आतां दुसरी बाजू. ओम्नीला पुढें नाक नाहीं. एंजिन पुढच्या आसनांखालीं असतें, आणि चालविणाऱ्याचे व शेजारीं बसलेल्या माणसाचे गुडघे पत्र्याला जवळजवळ टेकलेले असतात. समोरून टक्कर झाली तर आघात झेलावयास मध्यें कांहींच नाहीं. शिवाय दोन माणसें, गाद्या, भांडीं आणि चाळीस लिटर पाणी, म्हणजे आणखी चाळीस किलो वजन, घेऊन घाट चढतांना लहान एंजिनाचा जीव मेटाकुटीस येतो. पाणी मात्र कमी करतां येत नाहीं. वर्षानुवर्षें टंचाई सोसलेल्या मनमाडकरांना तें काय सांगावें!

कायद्याचाही विचार हवा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. म्हणजे २०१० सालच्या ओम्नीची पहिली मुदत २०२५ सालींच संपली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करतां येत नाहीं. गादी सामान म्हणून नेणें निराळें, आणि बांकें उखडून कायमचा पलंग व गॅसची शेगडी ठोकणें निराळें. दुसऱ्या गोष्टीसाठीं आधीं परिवहन कार्यालयांत चौकशी केलीच पाहिजे.

नव्यांत सर्वांत जवळची गाडी म्हणजे ईको. ती ओम्नीहून एक फूट लांब व सुमारें सात इंच उंच आहे. रात्रीं कूस बदलतांना या एका फुटाचें मोल कळतें. परंतु नवी म्हणजे सुरक्षित, असें समजूं नये. २०१६ सालीं ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेनें एअरबॅग नसलेली ईको आदळून पाहिली, तेव्हां तिला एकही तारा मिळाला नाहीं. एअरबॅगा पुढें आल्या. म्हणून वापरलेली ईको घेणारानें तिचें साल आणि एअरबॅग आधीं पाहावी, रंग मागाहून.

आतां आंकडे मांडूं. समजा, जुनी ओम्नी डागडुजीसह दोन लाखांना पडली आणि नवी ईको सर्व खर्चासह सात लाखांना. फरक पांच लाखांचा. वर्षाला वीस रात्री, याप्रमाणें दहा वर्षांत दोनशें रात्री होतात. म्हणजे प्रत्येक रात्रीवर अडीच हजारांचा बोजा. तेवढ्यांत पुष्कळ गांवीं चांगली खोली मिळते ! मात्र हीच गाडी घरची एकुलती एक मोटार असेल, बाजाराला, दवाखान्याला तीच जाणार असेल, तर हा फरक वर्षाच्या सर्व दिवसांवर वांटला जातो आणि नवी गाडी महाग वाटत नाहीं. स्नानगृहासह मोठी कॅरावान मात्र विकत घेण्यापेक्षां भाड्यानें घेणेंच बरें. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरावान पर्यटनाचें धोरणही ठरविलें आहे.

तात्पर्य असें. अनकाई-टनकाईचा पायथा, चांदवडचें रेणुकामंदिर अशा जवळच्या फेऱ्या दिवसाउजेडीं, सावकाश करावयाच्या असतील, तर गंज न लागलेली, कागदपत्र चोख असलेली ओम्नी पुरेशी आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्रीं ट्रकांच्या रांगेंत शिरावयाचें असेल, तर ती घेऊं नये. शेजारच्या आसनावर आपलीच सहधर्मचारिणी बसलेली असते. आणि वर्षाला दहा रात्रीही बाहेर निजणें होणार नसेल, तर कोणतीच गाडी न घेतां एकदां भाड्याच्या गाडींत दोन रात्री काढाव्या. गाडी कोणतीही असो, शेगडी बाहेर पेटवावी आणि बंद खिडक्यांआड एंजिन चालूं ठेवून कधींही निजूं नये. त्या विषारी वायूला वास नसतो.