गच्चीवरील सौरवीज आणि घरातील एमसीबी

निगडी प्राधिकरणापासून चिखली, मोशी, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंतच्या पट्ट्यात घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवणे आता नवलाचे राहिलेले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला 78,000 रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते, आणि घेतलेली व परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारे नेट मीटर महावितरणकडून बसल्यावर घर वीज घेणारे आणि देणारेही ठरते. अनुदानाचा व बिलातील बचतीचा हिशेब बहुतेक कुटुंबे काटेकोरपणे मांडतात. मीटरपेटी आणि घरातील डीबी (वीज वाटणारी पेटी) यांच्यामधील वायरींचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मांडला जाणे अगत्याचे आहे.

प्रत्येक वायर तिच्या जाडीनुसार ठरावीक प्रवाहच सुरक्षितपणे वाहून नेते आणि त्यापलीकडे तापू लागून तिचे आवरण वितळते. म्हणून प्रवाह मर्यादेबाहेर जाताच तो आपोआप तोडणारा स्विच, म्हणजेच एमसीबी, वायरीच्या ताकदीशी जुळवून बसवला जातो. वीज एकाच बाजूने येते, हे या व्यवस्थेचे जुने गृहीतक आहे. सौरसंच जोडल्यावर नेमके तेच मोडते.

एखाद्या डीबीतील बसबार, म्हणजे सर्व एमसीबींना वीज पुरवणारी धातूची पट्टी, 40 अँपिअरची आणि मुख्य एमसीबी 32 अँपिअरचा आहे, असे मानावे. 3 किलोवॉटचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरातील विजेत बदलणारे यंत्र, 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर देतो आणि तो सलग काही तास पूर्ण क्षमतेने चालू शकत असल्याने सव्वापटीच्या हिशेबाने त्याला 20 अँपिअरचा एमसीबी लावला जातो. भर दुपारी घरात वातानुकूलन यंत्र, गिझर आणि पाण्याचा पंप एकदम चालू झाले, तर महावितरणच्या जाळ्याकडून 32 आणि सौरसंचाकडून 13 असे 45 अँपिअर त्या पट्टीवर येऊ शकतात. दोन्ही एमसीबी आपापल्या मर्यादेत असल्याने एकही पडत नाही आणि पट्टी मात्र तापत राहते. यावर उपाय म्हणजे दोन्ही एमसीबींच्या बेरजेला पुरेल अशी पट्टी बसवणे, किंवा सौरसंचाची जोडणी डीबीत न घेता मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये घेणे.

या दुसऱ्या जोडणीत मात्र नव्या वायरीमागे घरातील कोणतेही संरक्षण उरत नाही, त्यामुळे जोडणीच्या जागेजवळच तिला स्वतंत्र फ्यूज किंवा एमसीबी द्यावा लागतो. तो निवडताना शॉर्टसर्किटचा प्रवाहही पाहावा लागतो: 200 केव्हीए क्षमतेच्या आणि 4.5 टक्के अंतर्गत अवरोधाच्या ट्रान्सफॉर्मरजवळ शॉर्टसर्किट झाल्यास प्रवाह 6,000 अँपिअरच्या घरात पोहोचतो. एवढा प्रवाह न फुटता तोडण्याची क्षमता एमसीबीवर किलोअँपिअरमध्ये छापलेली असते, आणि ट्रान्सफॉर्मरला लागून असलेल्या घरांसाठी 6 ऐवजी 10 किलोअँपिअरचा एमसीबी निवडणे शहाणपणाचे ठरते.

गच्चीच्या बाजूची तऱ्हा निराळी आहे. पॅनेलचा शॉर्टसर्किट प्रवाह त्याच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडाच अधिक असल्याने पॅनेलची एकच रांग असताना त्या प्रवाहाने फ्यूज उडत नाही. तीन किंवा अधिक रांगा समांतर जोडल्या, की बाकीच्या रांगांचा प्रवाह एका सदोष रांगेत शिरू शकतो आणि तेव्हा प्रत्येक रांगेला फ्यूज आवश्यक होतो. शिवाय घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येत असल्याने त्याची ठिणगी सहज विझते, तर पॅनेलचा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. म्हणून घरगुती एसी एमसीबी गच्चीच्या बाजूला वापरल्यास आगीचा धोका उद्भवतो.

वीज गेल्यावर इन्व्हर्टर आपोआप थांबतो, त्यामुळे खांबावर काम करणारा लाइनमन सुरक्षित राहतो. परंतु ही सोय वायरीला अतिप्रवाहापासून वाचवत नाही. कारखान्यात नवे यंत्र जोडण्यापूर्वी पॅनेलवरील भार पुन्हा मोजण्याची शिस्त या औद्योगिक पट्ट्यातील हजारो कामगारांच्या अंगवळणी पडलेली आहे. मजल्यावर मजला चढत गेलेल्या आणि जुन्या डीबीवरच चालणाऱ्या घरांना तीच शिस्त लागू केली पाहिजे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून जोडणीचा आराखडा घेऊन त्यावर प्रत्येक वायरीची जाडी, प्रत्येक एमसीबीचे अँपिअर आणि बसबारची ताकद लिहून घेणे, हा सौरसंच घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा हक्क आहे आणि घरातील माणसांप्रती असलेले कर्तव्यही आहे.