पठण पुरे, पूर्वपक्ष आणा



७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव दाखल झाले. ते हायस्कूल आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते आणि तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात. त्या मुलाच्या शालेय दिवसांतली एक गोष्ट मात्र त्या भाषणांत घाईने उरकली जाते. वर्गात त्याला इतरांमध्ये बसता येत नसे. त्याचे तरट वेगळे होते आणि ते तरट रोज घरून आणावे लागे, घरी न्यावे लागे. नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपाई असेल तर पाणी मिळायचे, तो नसेल तर तहान. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात स्वतः लिहून ठेवले आहे.

त्या शाळेचा अभ्यासक्रम इंग्रजांनी आखलेला होता. तरट इंग्रजांनी आणलेले नव्हते. ते धर्मशास्त्रातून आले होते. प्राचीन तत्त्वज्ञानाचा आधुनिक शिक्षणावर काही परिणाम उरला आहे का, असा प्रश्न आजच्या परिसंवादाच्या पत्रिकेत छापला आहे. त्याचे पहिले उत्तर साताऱ्याच्या त्या वर्गात आहे. परिणाम होता, ढळढळीत होता, आणि तो एका लहान मुलाच्या कोरड्या घशाला कळत होता.

हे आधी सांगण्याचे कारण आहे. सध्या प्राचीन ज्ञानाचा मोठा उत्सव चालू आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तक्षशिला-नालंदेचा गौरव केला, बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांची आठवण काढली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पदवीच्या श्रेयांकांपैकी किमान ५ टक्के भारतीय ज्ञान परंपरेला देण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. धोरणाच्या कागदावर घोकंपट्टी कमी करा, चिकित्सक विचार वाढवा, असेही लिहिले आहे. ते न वाचता त्याच्यावर तुटून पडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण कागदावरून वर्गात उतरताना काय उरते? २०२४ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांपुढे आला, तेव्हा त्यात मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाला मनुस्मृतीतल्या श्लोकाची जोड होती आणि गीतेच्या अध्यायांचे व मनाच्या श्लोकांचे पाठांतर सुचवलेले होते.

साताऱ्याच्या शाळेत तरटावर बसलेल्या त्या विद्यार्थ्याने २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन केले, तोच ग्रंथ त्याच्याच राज्यातल्या मुलांना मूल्ये शिकवायला घ्यावा, हे सुचते कुणाला? संस्कृतात सुभाषितांना तोटा नाही. हाच ग्रंथ निवडला गेला. ही निवड निष्काळजीपणाची असेल तर ती लाजिरवाणी आहे आणि जाणीवपूर्वक असेल तर ती लढण्याजोगी आहे.

मनाच्या श्लोकांशी भांडण नाही. ते रचणाऱ्या समर्थ रामदासांचा सज्जनगड याच जिल्ह्यात आहे, त्यांच्या रचना इथल्या घराघरांत म्हटल्या जातात आणि जाव्यात. भांडण आहे ते परंपरा म्हणजे पाठांतर, या समजुतीशी. कारण ही समजूत परंपरेच्या दृष्टीनेही खोटी आहे.

गौतमाचे न्यायसूत्र घ्या. पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची यादी आहे. प्रमाण पहिले, प्रमेय दुसरे आणि तिसरा कोण? संशय. ज्या दर्शनावर शतकानुशतके पाठशाळा चालल्या, त्याने संशयाला दारातच आसन दिले आहे. त्याच यादीत पुढे वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य कळावे म्हणून केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता नुसती दुसऱ्याची पाडायची, ती वितंडा. आज रात्री घरी गेल्यावर कोणतीही वृत्तवाहिनी लावा आणि यांतले काय चालले आहे ते ओळखा. दहावीच्या मुलालाही ते जमेल, फक्त कुणीतरी त्याला हे तीन प्रकार शिकवायला हवेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्याने वैद्याशी चर्चा कशी करावी याचे सविस्तर विवेचन आहे: मैत्रीने चालणारी चर्चा वेगळी, चढाओढीची वेगळी. दर्शनांच्या भाष्यांत आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचे म्हणणे मांडायचे आणि मग त्याचे खंडन करायचे, अशी रीत होती. विरोधकाचे म्हणणे पातळ करून सांगणाऱ्या पंडिताला सभेत मान नव्हता.

आणि आपण याचे काय करणार आहोत? न्यायदर्शनाचा पेपर काढणार आहोत. सोळा पदार्थांची नावे लिहा, गुण ४. मुले ‘संशय’ हा शब्द पाठ करतील आणि तो पाठ करताना त्यांच्या मनात कोणताही संशय येणार नाही, याची सगळी व्यवस्था गाईड छापणारे करतील. हा परंपरेचा सन्मान नाही, तिची विटंबना आहे.

बृहदारण्यकोपनिषदातली गार्गी आठवा. जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारते. शेवटी तो तिला बजावतो की याहून पुढे विचारशील तर तुझे मस्तक गळून पडेल. शाळेच्या धड्यात गोष्ट बहुधा इथेच संपते: विदुषी होती, पण ऋषी श्रेष्ठ. मूळ ग्रंथात ती इथे संपत नाही. गार्गी काही वेळाने पुन्हा उठते, सभेची परवानगी घेते आणि धनुर्धराच्या दोन बाणांसारखे आणखी दोन प्रश्न टाकते. तिचे मस्तक जागेवर राहते. ‘पुढे विचारू नकोस’ हे वाक्य आपल्या शाळांनी नेमके उचलले, पुन्हा उठलेली गार्गी सोडून दिली.

याच जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई जन्मल्या. गार्गीचे नाव घेणाऱ्या समाजाने सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकले. त्यांचे पती जोतीराव यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. थॉमस पेनचे ग्रंथ वाचून जोतीरावांना मानवी हक्कांची भाषा मिळाली. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेले आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून बुद्धिप्रामाण्याकडे गेले. इथे कुणीतरी लगेच म्हणतो की पाहा, सगळे पश्चिमेकडून घेतले. घेतलेच. कारण घरातला दरवाजा बंद होता. ग्रंथ सांगतो म्हणून खरे, हे न मानणारे चार्वाक या भूमीत होते. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानणारा बौद्ध आचार्य दिङ्नाग होता. सत्यशोधकांना हवे असलेले हत्यार पाठशाळांच्या फडताळात पडून होते, पण फडताळाच्या किल्ल्या जातीच्या कमरेला होत्या. भीमरावांना मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायचे होते. त्यांना ते नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावे लागले. ज्यांनी किल्ल्या लपवल्या, त्यांच्या वारसांनी आता ‘तुम्ही परंपरेपासून तुटलात’ म्हणून बहुजनांना दोष देऊ नये. हे या व्यासपीठावरून खणखणीत सांगणे भाग आहे.

किल्ल्या स्वतःहून पुढे करणारेही याच मातीत होऊन गेले आणि त्यांचे नाव घेतले नाही तर हे भाषण अर्धवट राहील. वाईची प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांची ही पाठशाळा. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन तरुण विनोबा १९१७ मध्ये उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकायला इथेच आले. इथेच लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. १९२३ मध्ये त्यांना कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळाली आणि त्या तर्काचे त्यांनी काय केले? अस्पृश्यतेला शास्त्राधार आहे म्हणणाऱ्या पंडितांपुढे ते शास्त्रच घेऊन उभे राहिले. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना या कामात त्यांना शास्त्रीबुवांची मदत झाली. १९३३ मध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी राजगोपालाचारी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य त्यांनी केले. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले, ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ लिहिले, १९५५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या ग्रंथाला मिळाला, आणि मग वाईत बसून मराठी विश्वकोशाची उभारणी केली. वेदशास्त्रे शिकलेला माणूस ज्ञान अकारविल्हे लावून ते कुणालाही खुले करतो, हा पाठशाळेचा खरा वारसा. पाठांतर शास्त्रीबुवांनाही होते. पाठांतरावर ते थांबले नाहीत.

आणि मग भाऊराव पाटील. कर्मवीरांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. मूळ गाव सांगली जिल्ह्यातले ऐतवडे बुद्रुक. घर जैन, भोवती सत्यशोधकांची चळवळ. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहता येते आणि कोणतेही एक विधान पूर्ण सत्य नसते, हे अनेकांतवादाचे सांगणे ज्या समाजात आहे, त्या समाजातले हे मूल. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्याबद्दल स्नान करायला सांगितले, तेव्हा या मुलाने नकार दिला, ही गोष्ट सांगली-कोल्हापूरकडे सर्वांना ठाऊक आहे. तत्त्वज्ञान घरात असते, वागण्यात उतरायला माणूस लागतो. दुधगावचा विद्यार्थी आश्रम हा त्यांचा आधीचा प्रयोग. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले आणि त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले.

भाऊरावांनी तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिला नाही. पण गुरुकुलाची कल्पना त्यांनी मुळापासून तपासली, असे ठाम म्हणता येते. महाभारतात आरुणीची गोष्ट आहे: गुरूच्या शेताचा बांध फुटला म्हणून तो शिष्य स्वतः आडवा पडून पाणी अडवतो. आपण ती गुरुभक्तीची गोष्ट म्हणून मुलांना सांगतो. साताऱ्याच्या बोर्डिंगातली मुलेही शेतात राबली, त्यांनी विहिरी खोदल्या, स्वयंपाक केला. फरक एवढाच की ती गुरूसाठी राबत नव्हती, स्वतःच्या शिक्षणासाठी राबत होती, आणि ब्राह्मणापासून महार-मांगांपर्यंतची पोरे एका पंक्तीत जेवत होती. श्रम तेच ठेवले, दास्य काढून टाकले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत असते; तिच्यामागचा हा विचार माहितीपत्रकात मावत नाही. छांदोग्योपनिषदात जबालेचा मुलगा सत्यकाम स्वतःचे गोत्र ठाऊक नसल्याचे खरे सांगतो आणि हारिद्रुमत गौतम त्याला शिष्य म्हणून घेतात. गोत्राची अट न धरणारे गुरुकुल उपनिषदात एका प्रसंगापुरते आहे. साताऱ्यात ते संस्थेचा नियम झाले.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही दोन हात करू. काही पुरोगामी म्हणतात, हे सगळे जुने गाठोडे कृष्णेत सोडा. बाबासाहेबांनी तसे केले नाही. कोलंबियात जॉन ड्यूईंकडे शिकून आलेल्या या माणसाने १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थाचे, औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. ‘मिलिंदपञ्ह’ उघडून पाहा. भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की पंडितांसारखी चर्चा करणार की राजांसारखी. पंडितांच्या चर्चेत हरणारा चिडत नाही. राजांच्या चर्चेत विरोध करणाऱ्याला दंड होतो. राजा पंडितांची रीत कबूल करतो, मगच संवाद पुढे चालतो. परंपरेत मनू आहे, तसा नागसेनही आहे. गाठोडे न उघडता फेकणारा मनूला विरोध करायला निघतो आणि नागसेनालाही बुडवतो.

सांगली-सातारच्या शिक्षणसंस्थांना नागसेनाचा तो प्रश्न आज विचारायला हवा. इथे गावोगावी शाळा-महाविद्यालये आहेत, त्यांच्या इमारती मोठ्या आहेत, संस्थापकांचे पुतळे आहेत. प्राध्यापकांच्या बैठकीत अध्यक्षांच्या म्हणण्याला कुणी विरोध केला तर ती चर्चा पंडितांची ठरते की राजांची? वर्गात विद्यार्थ्याने शिक्षकाची चूक दाखवली तर त्याला शाबासकी मिळते की अंतर्गत गुणांत फटका बसतो? भारतीय ज्ञान परंपरेचा ५ टक्के अभ्यासक्रम जिथे शिकवायचा, तिथे संशय आणि वाद यांना जागा नसेल तर तो अभ्यासक्रम शिकवूच नये.

म्हणून या सभेपुढे एक ठराव ठेवला जात आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत आणि महाविद्यालयात आठवड्याला एक तास वादाचा असावा. विषय मुलांनी निवडावा. बोलणाऱ्याने आधी विरोधकाचा पूर्वपक्ष असा मांडावा की विरोधकाने ‘हेच माझे म्हणणे’ अशी मान डोलवावी, आणि मग स्वतःची बाजू सांगावी. मनुस्मृती शिकवायची असेल तर महाडच्या दहनासह शिकवावी. गार्गी शिकवायची असेल तर तिच्या दुसऱ्या प्रश्नांसह शिकवावी. वादाच्या तासाला संस्थाचालकांनीही वर्षातून एकदा मुलांसमोर बसावे आणि प्रश्न घ्यावेत. या ठरावाला अनुमोदन द्या, आणि विरोध असेल त्यांनी आत्ता, याच मंडपात, उठून तो मांडा. त्यांचे म्हणणे आधी ऐकले जाईल.