बॅटरीविना सौरवीज : धर्मस्थानांच्या दृष्टीने एक विचार



नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथे वीजनिर्मितीसाठी कोळसा जळतो. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली. विजेचे बटण दाबताना घडणारा आरंभ डोळ्यांआड असतो, एवढेच.

धर्मस्थानाच्या छतावर सौरपट बसवावेत हे बहुतेकांना मान्य असते. वाद होतो तो बॅटरीवरून. बॅटरी म्हणजे शिसे व आम्ल, दर काही वर्षांनी नवा खर्च. बॅटरी नसलेल्या पद्धतीत दिवसा निर्माण झालेली वीज प्रथम वास्तूत वापरली जाते, उरलेली महावितरणच्या तारांत जाते. नेट मीटर ही जणू खातेवहीच. जमा आणि नावे दोन्ही तीत नोंदले जातात. मात्र ३१ मार्चला खाते बंद होते आणि शिल्लक युनिटांना मिळणारा भाव खरेदीच्या दराहून बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसविणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते व दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. नागपूरच्या मे महिन्यात उत्पादन शिगेला पोहोचेल, असा समज आहे. वस्तुतः पट तापले की त्यांची क्षमता घटते. खरी अडचण चातुर्मासाची. प्रवचने, तपश्चर्या, पाहुण्यांची वर्दळ यांमुळे वापर वाढतो आणि नेमके तेव्हाच आभाळ भरलेले असते. पण आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने उन्हाळ्याची जमा पावसाळ्यात वळती होऊ शकते. दिवस व रात्र यांच्या दरांविषयीचे नियम मात्र बदलत असतात. अर्जापूर्वी ताजा आदेश वाचणे आवश्यक.

सूर्यास्तापूर्वी भोजन हा आपला आचार येथे उपकारक ठरतो. भोजनशाळा, पाण्याचा पंप, सकाळचे प्रवचन, सारा वापर उन्हातलाच!

वीजपुरवठा खंडित होताच हा संच भर उन्हातही बंद पडतो. अनेकांना हा दोष वाटतो. परंतु तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव वाचावा म्हणूनच ती योजना आहे. जिन्यातील दिव्यांपुरती एखादी लहान बॅटरी ठेवावी. वृद्ध श्रावकांचा पाय घसरण्यापेक्षा तेवढा परिग्रह बरा.

फेब्रुवारी २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. न्यासाच्या वास्तूंनी ते हिशेबात धरू नये. अर्थात सभासदांनी आपापल्या घरांसाठी त्याचा अवश्य विचार करावा.

धूळ व राख साचल्यास उत्पादन घटते, म्हणून पट सकाळी थंड असताना गाळलेल्या पाण्याने जयणापूर्वक धुवावेत. पटांखाली कबुतरे घरटी करतात. जाळी बसवायची ती पट बसवितानाच. घरट्यात अंडी आल्यावर नव्हे.