जुन्या व्हॅनचे औषधपाणी

१९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पो या कारखान्याने पुढे ‘मॅटॅडोर’ नावाची गाडी काढली आणि थोड्याच वर्षांत त्या विशेषनामाला सामान्यनामाची पदवी प्राप्त झाली. गाडी दुधाची असो, शाळेच्या मुलांची असो वा वऱ्हाडाची असो, तिला मॅटॅडोर म्हणण्याचा प्रघात देशाच्या पुष्कळ भागांत पडला. १९८७ पासून तिच्या जोडीला टेम्पो ट्रॅव्हलर आली. २००५ मध्ये कारखान्याचे नाव फोर्स मोटर्स झाले, परंतु लोकांच्या तोंडचा ‘टेम्पो’ काही गेला नाही. मॅटॅडोरचे उत्पादन केव्हाच थांबले आहे; जुन्या ट्रॅव्हलर मात्र पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे रस्त्यावर राबतात, आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात जात अखेरीस अशा मनुष्याच्या दारात येऊन उभ्या राहतात, की ज्याचा सारा संसार त्या गाडीवर चालावयाचा असतो.

जुनी गाडी स्वस्त मिळते हे खरे. तथापि तिची किंमत म्हणजे केवळ पहिला हप्ता होय. घेणाऱ्याला धास्ती असते ती एंजिनाची. वास्तविक, मर्सिडीज-बेन्झच्या परवान्याने बनलेले २.४ लिटरचे ते चार सिलिंडरी डिझेल एंजिन साधे आणि दणकट म्हणून नावाजलेले आहे. त्याला रबरी टायमिंग पट्टा नाही, साखळी आहे. ते सहसा आपल्या मरणाने मरत नाही. आजूबाजूच्या किरकोळ वस्तू त्याला मारतात. मिस्त्रीचे मोठे बिल बहुधा सहा महिने आधीच कुठल्याशा गळतीने लिहून ठेवलेले असते.

पाण्याचेच पाहावे. रेडिएटरच्या झाकणाला दाबाची स्प्रिंग असते. आतला दाब सुमारे एका वातावरणाने वाढला म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंशांवरून १२० च्या जवळ जातो. झाकणाचे रबर चिरले की हा दाब राहत नाही. घाट चढताना पाणी उकळते आणि पाणी संपल्यावर एंजिनाचे हेड वाकते किंवा तडकते. मग हेड उतरविणे, त्याचे फेसिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह घासणे असा प्रपंच सुरू होतो. त्यातील गॅस्केट ही सर्वांत स्वस्त वस्तू. मजुरी तिच्या अनेक पट, आणि मजुरीहून जड पडतात ते गाडी गॅरेजात उभी राहिलेले दिवस, कारण त्या दिवसांतही बँकेचा हप्ता थांबत नाही.

यातच आपल्याकडील एक हौशी शस्त्रक्रिया भर घालते. गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यावयाचा! पुष्कळ एंजिनांत पाणी तापल्यावर रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करण्याचे काम हा थर्मोस्टॅटच करतो. तो काढला की ती वाट सदैव उघडी राहते. थंडीत एंजिन नीट तापत नाही आणि भर उन्हात, चढावर, काही पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येते. तापाचे मूळ बहुधा निराळेच असते. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचे पुट चढलेले असते. शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट मिसळून वापरणे हा यावरचा उपाय. पण त्या डब्याचे पैसे पुष्कळांच्या जिवावर येतात.

सकाळी गाडी सुरू होईना, म्हणजे दुसरी घाई होते. पंप-नोझलचे काम काढले जाते, आणि ते महागडे असते. वस्तुतः आधी हीटर प्लग तपासावे; ते एकेक करून निकामी होतात आणि थंड एंजिनाला हवी ती ऊब मिळत नाही. त्यानंतर टॅपेट. या एंजिनात व्हॉल्व्हची फट हाताने जुळवावी लागते. व्हॉल्व्हच्या बैठका झिजत गेल्या की ही फट कमी होते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि दाब निसटतो. ज्या दोषासाठी पंप खोलला जातो, तो कित्येकदा फटीची पट्टी आणि पाना घेऊन जाणत्या मिस्त्रीला सकाळच्या वेळात दूर करता येतो.

क्लचचा हिशेब निराळा आहे. तेथे खर्च वस्तूचा नव्हे, गिअरबॉक्स उतरविण्याचा असतो. म्हणून क्लचप्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांचीही स्थिती पाहून ती झिजली असल्यास त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. जुने बेअरिंग वाचवून तीन महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा मोजणारे मालक कमी नाहीत. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस मात्र आगाऊ सूचना देतो. गाडी सुटताना ‘टक्’ असा आवाज होतो. तो ऐकू आला की रेडिओचा आवाज वाढवू नये.

ब्रेकच्या बाबतीत पैशाचा प्रश्न दुय्यम होतो. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट-३ जातीचे ताजे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे त्याचे मानक सांगते. तेच ओल पिऊन जुने झाले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. खंडाळ्याचा घाट असो की सिमल्याचा उतार असो, बारा-पंधरा माणसे भरलेली गाडी सारखा ब्रेक दाबीत खाली आणली की चाकापाशी तेवढी उष्णता सहज निर्माण होते. ऑइलात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पाय एकदम तळाला जातो. याउलट पायाखालचे पेडल दगडासारखे घट्ट झाले, तर व्हॅक्यूमकडे पाहावे. डिझेल एंजिनात ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात बहुधा स्वतंत्र पंप निर्माण करतो. तो पंप किंवा त्याची रबरी नळी निकामी झाली की गाडी थांबविण्यास दुप्पट-तिप्पट जोर लागतो. ऑइलची बाटली ही गाडीतील अत्यंत स्वस्त वस्तूंपैकी एक. पण दोन वर्षांनी ती बदलावयाची असते, हे मागच्या आसनांवर बसलेल्या मुलांच्या पालकांनी विचारले तर उत्तर देणारे चालक थोडेच निघतील. ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा त्याच गिअरमध्ये उतरावयाचा, हा जुन्या चालकांचा दंडक येथे उपयोगी पडतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारा मनुष्य तो उलटा वाचतो.

सरकारी खर्चही वयाबरोबर चढतो. पंधरा वर्षांवरील हलक्या व्यापारी वाहनाच्या पासिंगचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ७५०० रुपये ठरविले गेले. २०२५ मध्ये जुन्या गाड्यांचा हा आकार आणखी वाढविण्यात आला. सुट्या भागांवरील वस्तू-सेवा कर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाल्याने, पूर्वी २८ टक्के भरावयास लागणाऱ्या भागांपुरता काहीसा दिलासा मिळाला.

एवढे सारे झाले तरी शेवटचा निर्णय पत्रा करतो. एंजिन नवे बसविता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. सांगाडा बदलता येत नाही. किनाऱ्यालगतची खारी हवा आणि चिखलाचे पाणी दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत साचते आणि रंगाच्या आतून गंज चढत जातो. गाडी घेण्यापूर्वी तिच्या खाली शिरून, पाटे जेथे सांगाड्याला जोडलेले असतात तेथे आणि आसनांच्या बोल्टांभोवती लहान हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. भुसभुशीत आवाज आला आणि जुन्या ठिगळावर नव्या ठिगळाचे वेल्डिंग दिसले, तर एंजिन कितीही गोड चालत असो, त्या गाडीची किंमत भंगाराच्या भावाने करावी.