हवा लागली की गाठ पसरते काय?



मोताळा तालुक्यातील रोहिणखेड गावी मागे आरोग्यावर चार शब्द सांगण्यासाठी गेलो होतो. बोलणे संपत आले तोच एक वयस्कर शेतकरी उभे राहिले व म्हणाले, "डाक्तरसाहेब, फोपसातल्या गाठीले हवा लागली का ते पसरते म्हंतात. मंग चिरफाड कायले करावं?" सभेतल्या कितीतरी माना हलल्या. हा समज एकट्या रोहिणखेडचा नव्हे बरे. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, फुप्फुसाच्या तक्रारी घेऊन आलेल्या शंभरातल्या अडतीस जणांचे हेच मत निघाले. तेव्हा आपण अडाणी आणि तिकडचे शहाणे, असा हा मामला नाही.

मौज अशी की, शास्त्रज्ञांना जे दिसले ते ह्याच्या नेमके उलट आहे. गाठीतल्या पेशींना पाय फुटतात ते हवा लागल्यामुळे नव्हे, तर पुष्कळदा हवा न मिळाल्यामुळे.

आता कोणी म्हणेल, फुप्फुस म्हणजे हवेचे माहेरघर. तिथे हवेचा दुष्काळ कसा पडेल? आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो हे खरे. पण गाठीतल्या पेशीला तो पोचतो मुख्यत्वे रक्तातून, अगदी बारीक केशवाहिन्यांमधून. गावठाणात घरामागे घर बांधीत गेले आणि मध्ये बोळ ठेवलाच नाही, तर आतल्या घरापर्यंत पाण्याची घागर कशी जायची? गाठीचे तसेच होते. पेशी भराभर वाढतात, रक्तवाहिन्या त्या मानाने मागे राहतात, आणि ज्या नव्या फुटतात त्याही वेड्यावाकड्या व गळक्या.

१९५५ साली इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे ह्या दोघांनी माणसाच्या फुप्फुसातील कर्करोगाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पाहिले. पेशींचे पुंजके लहान होते तेथे सगळे जिवंत. पण ज्या पुंजक्याची त्रिज्या २०० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या वर गेली, त्याच्या मधोमध मेलेल्या पेशींचा गाळ आढळला. प्राणवायूची मजल तेवढीच! त्या मेलेल्या भागाच्या आणि बाहेरच्या खात्यापित्या भागाच्या मध्ये एक अर्धपोटी कड असते. आजची आपली गोष्ट ह्या अर्धपोटी पेशींची आहे.

शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखविता येईल. बटाट्याचे दोन चौकोनी तुकडे करा, एक लहान, एक मोठा. दवाखान्यात मिळते ते आयोडीन पाण्यात मिसळून दोन्ही तुकडे त्यात सारखाच वेळ ठेवा, मग मधून कापा. काळसर कड दोन्हींत सारख्याच जाडीची दिसेल. पण मोठ्या तुकड्याचा पांढराच राहिलेला गाभा केवढा मोठा असतो ते मुलेच सांगतील.

तर ह्या उपाशी पेशी करतात काय? प्रत्येक पेशीत एक प्रथिन असते. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात 'हिफ' म्हणतात. आपण त्याला गावचा कोतवाल समजू. प्राणवायू पुरेसा असला की हा कोतवाल तयार होतो न होतो तोच काही मिनिटांत मोडीत काढला जातो. प्राणवायू घटला की मात्र तो टिकतो, पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि दवंडी पिटतो : नव्या रक्तवाहिन्या मागवा, प्राणवायूवाचून साखरेवर भागवा, आणि जमले तर इथून निघा. हे कोडे उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन ह्या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ध्यानात घ्या, हा कोतवाल शत्रूचा हेर नाही. गर्भ वाढताना, जखम भरताना तोच आपल्या उपयोगी पडतो. कर्करोग त्याला आपल्या कामाला जुंपतो एवढेच.

ती दवंडी ऐकल्यावर पेशींची चाल बदलते. एरवी त्या विटांसारख्या एकमेकींना चिकटून असतात. 'ई-कॅढेरिन' नावाचे प्रथिन त्यांना जणू हाताला हात धरून ठेवते. ते कमी होते, हात सुटतात. चौकोनी पेशी लांबट, चातीसारखी होते, आजूबाजूचे जाळे विरघळविणारे रस सोडते आणि सरपटू लागते. गळक्या रक्तवाहिनीचे दार जवळच असते. तिथून मेंदू, हाडे, यकृत ह्यांची वाट मोकळी.

हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येते. फुप्फुसाच्या गाठीतून १९७२ साली अमेरिकेत वेगळ्या केलेल्या पेशींचा एक वंश अजून बशीत वाढविला जातो. आपल्याकडील प्रयोगशाळांना तो पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतो. पेशींचा थर बशीत पसरला की त्यावर बारीक टोकाने एक ओरखडा काढतात. एक बशी नेहमीच्या हवेत, दुसरी एक टक्का प्राणवायूत. मग पाहायचे, ओरखडा कोणत्या बशीत आधी बुजतो. पुष्कळ प्रयोगांत उपाशी पेशींनी बाजी मारलेली आहे. सगळ्याच पेशी सारख्या वागत नाहीत, आणि प्राणवायू अगदीच तुटला तर त्या मरतातही. पेशी अशा बशीत वाढविण्याची आपल्या देशातील पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात उभारली ती मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे ह्यांनी, हेही मुलींना जरूर सांगावे.

मग रोहिणखेडच्या त्या समजाचे मूळ कशात? मला वाटते, उशिरात. रोगी फार उशिरा येई, छाती उघडल्यावर रोग आधीच पसरलेला दिसे, डॉक्टर तशीच शिवून टाकीत, आणि चार-सहा महिन्यांत माणूस जाई. गावाला दिसे ती फक्त शस्त्रक्रिया. आत गाठ कधीच चालू लागली होती हे कोणाला दिसणार? तपासणीसाठी सुई घातल्यावर तिच्या वाटेवर पेशी सांडल्याची उदाहरणे आहेत, पण ती फार क्वचित. त्या भीतीने सुई टाळणे म्हणजे काट्याच्या भीतीने पीकच न कापणे होय. गाठ लहान व एकाच जागी असेल तर ती काढून टाकल्याने माणूस बरा होऊ शकतो. थांबलो तर तिचा उपाशी गाभा वाढतो. शिवाय किरणोपचारालाही प्राणवायू लागतो. तो नसलेल्या पेशी मारण्यास किरणांची मात्रा अडीच ते तीन पट लागते. ह्याच ग्रेसाहेबांच्या नावाने ती मात्रा आज मोजली जाते.

आणखी एक. राजूर घाट चढताना आपल्याला दम लागतो ती तूट निराळी, गाठीतली निराळी. दीर्घ श्वसनाने तब्येतीला बरे वाटेल, पण जिथे वाहिनीच नाही तिथे श्वास कसा पोचणार? तेव्हा प्राणायामाच्या भरवशावर कोणी औषधोपचार सोडू नये.

खोकला तीन आठवड्यांवर गेला, बेडक्यात रक्त दिसले, वजन उतरले किंवा आवाज बसून राहिला, तर सरकारी दवाखाना गाठावा. बिडी ओढणाऱ्याने आणि जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या बाईने तर विशेषच. आधी क्षयासाठी बेडका तपासतील, ते योग्यच. पण बेडक्यात क्षय निघाला नाही, औषधानेही उतार पडेना, तर पुढची तपासणी मागून घ्यावी. अकोला, नागपूर, मुंबईला जाण्याची वेळ आली तर छातीचे जुने फोटो घरी ठेवू नका, बरोबर न्या. दोन फोटो शेजारी धरले म्हणजे गाठ किती दिवसांत किती वाढली, हे डॉक्टरांना ताडता येते.