ठरीव झाडी माणूस



पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीच्या या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. मनातलं दुखणं आधी मांडतो.

मराठी नाटका-सिनेमात आपल्या झाडीबोलीप्रमाणे 'ण'ला 'न' आणि 'ळ'ला 'र' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा कोण असतो? घरगडी असतो, नाहीतर हसवण्यापुरता येऊन जातो. विचारात पडलेला, प्रेमात पडलेला, मालकाला तोंडावर नाही म्हणणारा असा तो क्वचितच दिसतो. हा साचा आपल्या शाळांतही उतरला आहे. पहिलीतलं पोरगं 'पानी' म्हणालं की वर्ग हसतो, आणि त्या दिवसापासून ते तोंड उघडण्याआधी चाचपडायला लागतं. प्रमाण मराठी जरूर शिकवावी. पण चपला काढाव्यात तशी घरची बोली वर्गाच्या दाराशी काढून ठेवायला लावू नये.

डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी साकोलीत राहून झाडीबोलीचा अभ्यास उभा केला, तिचा शब्दकोश सिद्ध केला. ही बिघडलेली मराठी आहे असं मानणाऱ्यांना त्यांनी तिचे नियम दाखवले. लोकांच्या बोलीच्या बाजूनं उभं राहण्याची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात विद्वत्तेचा मान संस्कृतला होता, महानुभाव पंथात केशिराजांसारखे संस्कृत पंडित होते. तरीही साध्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील म्हणून पंथाचे आचार्य नागदेव यांनी मराठीचाच आग्रह धरला. रूढ वाट नाकारणाऱ्या माणसांनी मराठी गद्य घडवलं, हे आपण विसरता कामा नये.

2023 साली गडचिरोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अख्ख्या झाडीपट्टीला आनंद झाला. पण त्यांची ओळख करून देताना लोक 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' म्हणतात. दादा मोठेच होते. मात्र खुणे घडले ते धान निघाल्यावर, मंडई या गावजत्रांच्या दिवसांत, थंडीत रात्रभर चालणाऱ्या आणि तिकीट काढून पाहिल्या जाणाऱ्या आपल्या नाटकांत. प्रेमानं दिलेल्या बिरुदातही त्यांचं वेगळेपण दुसऱ्याच्या नावाखाली झाकलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

बाहेरच्यांना बोल लावून थांबणं मात्र मला पटत नाही. आपल्या कथा-कवितांतही एक ठरीव झाडी माणूस तयार झालाय: भोळा, भात-मासोळीत सुखी, दंडार या लोकनाट्यात रमलेला. हा नेमका कोण? तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांचा वारस, त्याच तलावात जाळं टाकणारा ढिवर, घरात पोवारी बोलणारं कुटुंब आणि आंधळगावचा कोसा विणणारा विणकर यांचं बोलणं, रुसणं, स्वप्नं सारखी कशी असतील? आणि प्रत्येक ढिवर तरी दुसऱ्या ढिवरासारखा का असावा?

धानाच्या रोवणीवर आपण किती कविता लिहिल्या! बांधीत वाकलेल्या बायांची रांग, पाऊस, गाणं. आता त्या रांगेतल्या एकीच्या जवळ जा. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी आहे, उजव्या हाताची बोटं चिखलात रोपं खोचताहेत, पाण्यात राहून नखांच्या कडा पांढऱ्या पडल्यात. तोंडानं ती गाते आहे, पण तिचं मन गाण्यात नसेलही. गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, केलेल्या रोवणीच्या पैशात मुलीची नर्सिंगची फी बसते का, हे ती जुळवत असेल. तिला शेती नकोशीही झाली असेल. रांगेचं चित्र काढणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. आपल्याला ती बाई हवी आहे, तिच्या नावानिशी, तिच्या रागासकट.

दुपारच्या सत्रात नवी मुलं वाचणार आहेत. संयोजकांना माझी विनंती आहे: त्यांचं लेखन आधी 'शुद्ध' करून घेऊ नका, आणि बोलीत लिहिलंय म्हणजे विनोदीच हवं असा हट्टही धरू नका. एखादी पोरगी आपल्या गावावर चिडून लिहील, दंडार आवडत नाही म्हणेल, आपल्या जातीतल्या चालीरीतींवर बोट ठेवेल. सभागृहात कुजबुज होईल. तरी तिला शेवटच्या ओळीपर्यंत वाचू द्या.