आखाड्यातील हजेरी

व्यायामाचा संकल्प एकट्याने सोडता येतो. तो तडीस जातो सोबतीने. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. असे पथक एका दिवसात घडत नाही. त्यामागे रोजची हजेरी असते. आखाड्यात एखादा दिसला नाही, की सायंकाळी सोबती त्याच्या दारी चौकशीस जातात. आज अमरावती-अकोल्यातील अनेक घरांत व्यायामाची साधने आहेत, परंतु गैरहजेरीचा जाब विचारणारा कोणी नाही. म्हणून प्रत्येकाने एक जोडीदार निवडावा. तो न आल्यास त्याचे दार ठोठवावे. आणि आपले दार वाजले, तर राग मानू नये.